उणे चार, अधिक सहा

निवृत्तीच्या पैशातून पहिली वस्तू घेतली ती हे घड्याळ.
चावीचं. सोबत एक कागद:
पंधरा दिवस तपासलं, पाच अंगांवर ठेवून,
आठ, तेवीस आणि अडतीस अंशांत,
मग शिक्का.
धाकटी जाऊ म्हणाली, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या.

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं माझ्या हातात गेज होता.
बुशिंगमध्ये त्याचं एक टोक जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
नाहीतर लाल पेटी. मधलं काही नाही.

म्हणून वही केली.
रोज रात्री नऊला मोबाइल आणि घड्याळ
शेजारी शेजारी ठेवून:
अधिक तीन. अधिक पाच. अधिक चार.
मग एका बुधवारी अधिक नऊ.
गुरुवारी अधिक अकरा.

टेंभी नाक्याला जिन्याखाली झिराडकरांचं दुकान,
दीड हात रुंद.
शुक्रवारी दिवेलागणीला बंद होतं ते रविवारी दहाला उघडतं.
'चाळीस तास,' सायमनकाका म्हणतात,
'पुरी चावी दिलेलं घड्याळ एवढंच चालतं.
शब्बाथ संपवून मी आलो आणि ते चालू असलं
की समजायचं, दोघांचंही बरं आहे.'

वही त्यांनी वाचली, डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट वाचतात तशी.
खणातून होकायंत्र काढलं, घड्याळाजवळ नेलं.
सुई हलली.
'मोबाइलच्या कव्हरला चुंबक आहे ना, टपकन् मिटणारा?'
आहे.
'मग झालं. तपासता तपासताच बिघडवलंत, बाई.'

एका काळ्या डबीवरून घड्याळ फिरवलं, बटण दाबलं. पन्नास रुपये.
मी म्हटलं, पण कागद?
'कागद खरा आहे. दिवसाला उणे चार ते अधिक सहा,
तीही सरासरी.
आणि त्या खोलीत कुणी पोळ्या लाटत नव्हतं,
रिक्षात बसून तीन हात नाक्याचे खड्डे खात नव्हतं.'
पुढे सहा आणि मागे चारच का?
त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं.
'पुढे गेलेल्याला थांबवता येतं. चावी ओढा,
काटा उभा राहतो, जग येतं मागून.
मागे पडलेल्याला ढकलावं लागतं.
आणि रात्री चावी वर करून आडवं उभं ठेवा.
दिवसा घेतलेले दोन सेकंद
झोपेत फेडतं कधी कधी.'

मासुंदा तलावाच्या कडेकडेने चालत निघाले.
कठड्यावर बसले थोडा वेळ.
आठवला तो हेमराज खरपडे,
जव्हारहून आलेला, सोळा नंबर रोडच्या कारखान्यात,
लेथवर नवा.
पहिल्या आठवड्यात एक नग परत गेला नव्हता त्याचा.
मग साहेब म्हणाले, पोरावर लक्ष ठेवा,
आणि मी दर अर्ध्या तासाला
गेज घेऊन त्याच्या खांद्याशी.
लाल पेटी भरू लागली.
मी रजिस्टरात लिहीत गेले, तारखेसकट, सुवाच्य अक्षरात.
तिसऱ्या महिन्यात त्याचं कार्ड खणात नव्हतं.

होकायंत्र
तेव्हा कुणी धरलं नाही माझ्याजवळ.

आता तिथे काचेची इमारत आहे.
भोंगाही गेला,
ज्यावर अख्खं लोकमान्य नगर घड्याळं लावायचं
आणि जो स्वतः, शपथेवर सांगते,
कधीच वेळेवर वाजला नाही:
मारुती वॉचमन तंबाखू मळून झाली की ओढायचा दांडा.
पोरं शाळेत पोचायची. भात शिजायचा.

मोबाइल आता स्वयंपाकघरात झोपतो.
घड्याळ उशाशी, चावी वर करून.
वही फक्त रविवारी.

आज काढली.
सात दिवसांचे मिळून अधिक सतरा.
पेन्सिल हातात होती,
भागाकार केला नाही.
चावी ओढून काटा थांबवला,
आणि सतरा सेकंद
कुणाच्याही शेजारी न उभी राहता
खिडकीशी बसून राहिले.