बसलेला हात

सारेमा बेटावरच्या त्या जुन्या धान्यकोठारात
अठ्ठावीस खुर्च्यांचं उपाहारगृह करायचं होतं.
मी सगळं बेटावरचंच मागवलं.
जमिनीला करडा डोलोमाइट,
त्यात एखादा शिंपला अजून मिटलेला.
दिव्यांवर बोरूच्या काड्या.
दारांच्या मुठी ज्युनिपरच्या,
धरून सोडल्या तरी
तळव्याला मिऱ्यासारखा वास ठेवणाऱ्या.

आणि भिंतींना चिकणमाती,
वाळू, पाणकणसाचा कापूस,
आणि व्हाम्बोला. वय त्र्याहत्तर.

पहिली भिंत त्यानं तीन दिवसांत केली.
मी दिवा आडवा धरून पाहिलं.
सावलीला पाय टेकायला
जागा नव्हती.

मी म्हटलं, सुंदर आहे, पण
हात दिसू दे जरा.
बोटं. थोडे उंचवटे.
जेवायला बसणाऱ्याला वाटलं पाहिजे,
माणसानं केलंय.

त्यानं थापी पाण्यात ठेवली.
म्हणाला, सामूहिक शेतीचे गोठे केले,
शाळा केली, दोन दवाखाने.
बोट उमटलं की उस्ताद
ओळंब्याची ओली दोरी हाणायचा त्याच बोटावर.
हात बसायला अकरा वर्षं गेली.
आता बसलेला हात उठवायचा कसा,
तेवढं तू सांग.

माझ्या नकाशावर लिहिलं होतं:
‘नैसर्गिक, असमान पोत’.
पुढे काही लिहिलं नव्हतं.

त्यानं डाव्या हातानं करून पाहिलं.
डावाही इतकी वर्षं
उजव्याकडे बघत आला होता.
डोळे मिटून केलं.
भिंत आणखीच नितळ झाली.
तेव्हा तो हसला, एकदाच.

शेवटी भांडी घासायला नेमलेली मेरिली आली,
सतरा वर्षांची, मातीला कधी न शिवलेली.
एका दुपारात दोन भिंती.
केसांत माती, कानात माती, आणि गाणी.
व्हाम्बोला मागे उभा, हात खिशात,
आपलं नाव कुणीतरी
चुकीचं लिहितंय, ते बघावं तसा.

उद्घाटनाला हेलसिंकीहून पाहुणे.
धुरातली ईल, काळा पाव,
मातीच्या वाटीत लोणी.
एका बाईंनी भिंतीवर तळवा टेकला, डोळे मिटले,
म्हणाल्या, हात जाणवतो, नाही?
मी हो म्हटलं.
चांगलं छापूनही आलं ते नंतर.

नोव्हेंबरात, शेवटचा पाहुणा गेल्यावर,
कोटांच्या खुंट्यांमागे
पडलेला हातमोजा शोधत होते.
हातातला दिवा आडवा झाला.
खुंट्यांच्या मागे, हातभर लांब, वीतभर रुंद,
एक तुकडा. सावली नाही.
कधी केला असेल?
निघायच्या आदल्या रात्री तो म्हणाला होता,
अवजारं धुऊन येतो,
आणि बराच वेळ आला नव्हता.

आता माझा कोट मी तिथंच अडकवते.
कधीतरी काढून बोटं फिरवते.
काहीच लागत नाही.
कोट परत अडकवते.