बुडबुडे

मानेवाडा चौकात माझं पंक्चरचं दुकान.
दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, एक बादली, एक छत्री.
ट्यूब पाण्यात दाबायची, गोल फिरवायची,
बुडबुडा आला की बोट ठेवायचं,
हवा इथून जाऊन रायली.
बावीस वर्षं मला बुडबुड्याचा एवढाच अर्थ ठाऊक.

मेडिकलमध्ये, काचेच्या पेटीत,
अकराशे ऐंशी ग्रॅमची माझी पोट्टी.
नाव नाही अजून. पट्टीवर लिहिलंय
'सुकेशनीचं बाळ'.
नाकात नळी, नळीचं टोक एका बाटलीत, बाटलीत पाणी
आणि पाण्यात रात्रंदिवस बुडबुडे.
मी म्हटलं, सिस्टर, हे तं लीक आहे.
डोंगरे सिस्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हे थांबले तर आवाज द्या मला.

आत जायच्या आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत.
तीनदा परत पाठवलं मला त्यांनी.
नखातलं काळं निघतच नव्हतं.
घाण नाही मॅडम, धंदा आहे, म्हटलं.
जंतूला दोन्ही सारखंच, त्या म्हणाल्या.
त्या रात्री ब्लेडनं नखं खरवडली
रक्त येईस्तोवर.

रक्त तिलाही लागलं.
वीस मिली. सायकलच्या चेनीला
मी याहून जास्त ऑइल पाजतो.
माझं घेतलं, पण तिला नाही दिलं.
माझं कोणाला गेलं माहीत नाही,
कोणाचं तिच्यात आलं तेही नाही.
पिशवीवर नंबर होता. तो मी पाठ केला.

कधी कधी ती श्वास घ्यायचंच विसरते.
इतक्या लवकर आलेली लेकरं विसरतात म्हणे.
मशीन ओरडते, ओठ जांभळे पडतात,
अन् सिस्टर तळपायाला एक टिचकी मारतात
हलकीच, ओळखीच्या घराची कडी वाजवावी तशी.
अगं, ये.
येते.

शेजारच्या पेटीतलं सावनेरचं पोरगं
सहाव्या दिवशी गेलं. जंतू रक्तात उतरले होते.
पहाटे पेटी पुसली, दुपारी तिच्यात दुसरं निजलं.
त्याचा बाप व्हरांड्यात माझ्याच चटईवर झोपायचा.
जाताना माझी पाण्याची बाटली
भरून ठेवून गेला.

एकविसाव्या दिवशी नळी काढली.
बाटली गप्प झाली
अन् एसीत मला दरदरून घाम फुटला.
सुकेशनीच्या छातीवर ती, गाऊनच्या आत,
पोट वर, पोट खाली.
मी मोजत होतो. घरी आणल्यावरही मोजतो,
रात्री उठून, लाईट न लावता.

काल दुकान उघडलं. पंचेचाळीस डिग्री, चप्पल डांबराला चिकटते.
पहिलीच ट्यूब बादलीत दाबली,
बारीक बुडबुड्यांची माळ वर आली
अन् मी बोट ठेवायचं विसरलो.
भाऊ, सापडलं का? गिऱ्हाईक म्हणालं.
थांबा जरा, म्हटलं.
चालू आहे.