न्याहारीच्या अर्धा तास आधी

नोव्हेंबरात डंडीला साडेतीनलाच अंधारून येतं.
पर्थ रोडवरच्या केमिस्टकडे मी उभी,
चष्मा कपाळावर,
हातात दोन खोकी, दोन्ही निळी.

खडूसारखी चघळायची गोळी आधीपासून ओळखीची.
पुदिन्याची चव, पाच मिनिटांत गार,
तासाभरात ती मला विसरते.
पाटकरकाका तसेच, सांत्वनाला येत
आणि चहा पिऊन जात.

फॅमोटिडीन संध्याकाळी घेतली तर रात्र निभावते,
पण काही दिवसांनी म्हणे शरीर सरावतं,
मग तिचं फारसं चालत नाही.
ओमेप्राझोल सावकाश.
रोज, उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी.
दोन-चार दिवस काहीच नाही,
मग एका सकाळी लक्षात येतं,
की आपण रात्रभर आडवे झोपलो होतो.

"आणि थांबवली तर?"
काउंटरमागची आयला (नाव बिल्ल्यावर) म्हणाली,
"बऱ्याच दिवसांनी एकदम नका थांबवू.
दाबून ठेवलेलं कधी कधी
दुपटीनं वर येतं."
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा खोकला ऐकू लागली.

"कधीपासून होतंय?" परत वळून तिनं विचारलं.
तीन आठवडे, मी म्हटलं.
हिने कुठे ऐकलंय, आमच्याकडे
माफ करायचं तर पोटात घालतात.

भावानं कुडाळच्या जमिनीवर माझी सही
माझ्यावाचून केली. पोटात घाल गं, आई म्हणाली.
यशोधननं अ‍ॅबरडीनचं ते प्रकरण
तीन वर्षांनी, भांडी पुसता पुसता सांगितलं,
कप फडताळात ठेवला, आणि म्हणाला, झालं.
जणू माझं पोट म्हणजे जिन्याखालची अडगळ,
दार लोटलं की संपलं.

"मार्मलेड खाता?"
या गावात राहून ते कोण खात नाही?
"काही दिवस बंद करून बघा.
आणि दोन आठवड्यांत बरं नाही वाटलं
तर डॉक्टरांना दाखवा."
मी ओमेप्राझोल घेतली. चौदा गोळ्या.

आज पहिली.
सहा चाळीस. खिडकीबाहेर टे नदी
अजून दिसत नाही, नुसते पुलावरचे दिवे.
गोळी गिळून मी स्वयंपाकघरात बसले,
खायचं काही नाही, प्यायचं नाही,
अर्धा तास पोट रिकामं ठेवायचं.
असं रिकामं ते किती वर्षांनी.

यशोधन खाली आला, टोस्ट लावला,
मार्मलेडची बरणी उघडू लागला.
"बस जरा," मी म्हटलं.
"अ‍ॅबरडीनबद्दल मला विचारायचंय."
झाकण अर्धंच फिरलं होतं.