खंगर

आष्ट्याच्या अलीकडं, ओढ्याच्या वळणाला
अब्बा जिनगोंडा पाटलांची भट्टी लावायचे.
उसाचं चिपाड, भाताचं तूस, कोळशाची भुकटी,
आणि मग चार रात्री डोळ्याला डोळा नाही.
मी डबा घेऊन जायची,
धगीला पाठ करून बसायची.

एका रात्री त्यांनी इब्लिसची गोष्ट काढली.
अल्लानं चिखल मळला, त्यात फुंकर घातली,
म्हणाला, वाका याच्यापुढं.
सगळे वाकले. हा उभाच.
म्हणे, मी आगीचा, हा मातीचा.
"भट्टी बघितली न्हवती त्यानं," अब्बा म्हणाले,
"आग रात्रभर मातीच्या पायाशी बसती."

मी तेव्हा आठवीत. तोंडाळ.
म्हटलं, अल्लाशिवाय कुणापुढं वाकायचं नाही,
तुम्हीच शिकवलंत ना?
पाटलांपुढं तुम्ही तरी कुठं वाकता?

अब्बांनी दोन घमेली तूस ओतलं.
धूर पिवळा झाला, मग निळा.
"वाकला न्हाई, त्याचं अल्ला आन् तो बघून घेतील.
मी सरस म्हणाला, लेकी.
तिथं जळाला."

सातव्या दिवशी भट्टी उकलली.
लालभडक विटा ट्रॅक्टरनं गेल्या.
मधल्या थरातले खंगर उरले,
जास्तीची आग प्यालेले, काळेनिळे, काचेसारखे.
वाजवलं तर खणखणीत.
पण चुना धरत नाहीत,
शेजारच्या विटेला चिकटत नाहीत.
कुठल्याच भिंतीत घेत नाहीत त्यांना.

आता मी विश्रामबागेत राहते, तिसऱ्या मजल्यावर.
परवा मिरजेत, निकाहाच्या मांडवात
मावसबहीण जुलेखा शेजारी येऊन बसली.
भट्टीवरून तशीच आलेली,
तळहात भेगाळलेले, केसांत धूर.
मी पदर आवरून घेतला.
बोटभरच.
कुणाला दिसलं नाही.
तोंडातून शब्दही गेला नाही.

जुलेखा माझ्या पोरीला खजूर सोलून देत होती,
बी काढून, एकेक.

रात्री झोप येईना तेव्हा
आमच्या जुन्या दारातला तो खंगर आठवला.
पाटलांनी फेकून दिलेला,
अब्बांनी डोक्यावरून घरी आणलेला.
रांजणाशेजारी ठेवला होता.
फजरच्या आधी, अंधारात,
त्यावर पाय ठेवून ते वजू करायचे.
पाणी त्याच्यावरून ओघळायचं,
आणि माती प्यायची.