उजव्या डोळ्याचा पांढरा

पट्टी निघाली तेव्हा समोर भिंत होती.
इतकी पांढरी की मी नर्सला विचारलं,
आजच रंग दिलाय का?
ती म्हणाली, आजोबा, तीन वर्षं झाली.

परळहून माझगावला टॅक्सीनं आलो,
एक डोळा झाकत, दुसरा उघडत.
उजव्यानं पाहिली तर गोदीची भिंत निळसर करडी,
तिच्यावरचं 'थुंकू नये' कालच लिहिल्यासारखं.
डाव्यानं पाहिली तर तीच भिंत
चहात बुडवून वाळत घातलेली.
ड्रायव्हर आरशातून बघत होता.
त्याला वाटलं असेल, म्हातारा डोळा मारतोय.

बेनेडिक्टनं स्टुडिओचं शटर वर केलं.
काउंटरच्या काचेखाली नमुन्याचे फोटो:
तांडेलांची सुनीती, हळदीच्या पाटावर,
रेगोंच्या जुळ्या मुली पांढऱ्या फ्रॉकात,
आणि सुर्वे मास्तर, निवृत्तीचा नारळ हातात.
उजव्यानं पाहिलं
आणि स्टूल ओढून बसलो.

सगळे निळे.
फार नाही, आमटीत मीठ जरा कमी असावं तेवढेच.
पण हळद लागलेली मुलगी
आणि तिच्या गालावर पहाटेचा गारठा?

मग हिशोब लागला.
डोळ्यातलं भिंग पिवळं होत गेलं,
कुणी रोज चिमूटभर टाकावं तसं,
आणि मी प्रत्येक फोटोतून पिवळा उपसत राहिलो.
स्क्रीनवरची पट्टी निळ्याकडे सरकवायचो,
मान तिरकी करून म्हणायचो,
हां. आता बरोबर.
नऊ वर्षं.

अजिंक्य मास्तरांनी शिकवलं होतं,
आधी पांढरा शोध,
बाकीचे रंग त्याचा हात धरून उभे राहतात.
पांढरा कुठे शोधायचा, ते नव्हतं सांगितलं.

बेनेडिक्टला विचारलं, तुला दिसत होतं?
तो लेन्स पुसत राहिला. पुसलेलीच लेन्स.
"मला वाटलं, तुमची स्टाइल आहे, सर."

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यामागे तांडेलांकडे गेलो.
म्हटलं, अल्बम द्या, पुन्हा छापून देतो, पैसे नकोत.
सासूबाई म्हणाल्या, आम्हांला वाटलं,
महागातला कागद असाच येतो.
सुनीतीनं अल्बम आणला,
टेबलावर ठेवला, पण वरचा हात काढला नाही.
"राहू द्या, काका.
हिनं मला यातच नवरी झालेली पाहिलंय.
आता पिवळी केलीत तर विचारेल, ही कोण?"
मुलगी चार वर्षांची. बोंबलाचा काटा काढत बसलेली.
तिनं वर पाहिलं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात होती.
फोन करून पुढे ढकलली.
साखर वाढलीय म्हणून सांगितलं.

खरं कारण सांगण्यासारखं नाही.
रात्री स्टुडिओत सुनीतीचा फोटो मोठा करून लावला
आणि उजवा डोळा तळहातानं झाकला.

हळद अगदी हळदीसारखी.
कोपरापासून ओघळलेली, पाटाच्या कडेला सुकलेली,
कानामागे जिथं करवल्यांचा हात पोचला नाही
तिथली उघडी कातडीसुद्धा
त्या दुपारी होती तशी ऊबदार.
एक केसही इकडचा तिकडे करावासा वाटला नाही.

हा फोटो मी जसा केला तसा
या शहरात एकाच डोळ्याला दिसतो,
आणि त्याला टाके नाहीत, फक्त दहा मिनिटं लागतात,
असं डॉक्टर म्हणाल्यात.

बेनेडिक्टला हाक मारली.
तो आला, दारात उभा राहिला.
म्हटलं, काही नाही.
तू जा. शटर मी ओढतो.