पाय मोडायची कळ

मंगळवारपासून पाय मोडायची कळ चालत नाही.
म्हणजे जोडाक्षर नाही.
डिझेलच्या पावतीवर 'मत्स्यगंधा' उतरली
'मतसयगंधा' होऊन,
आणि लक्ष्मण तांडेल सोसायटीच्या खिडकीत:
"बाय, माजी होरी फुटली काय गो?"

बंद करून चालू केला.
उलटा धरून थोपटला, उचकी लागलेल्या पोरासारखा.
दापोलीहून इम्तियाज फोनवर म्हणाला,
"हर्णैच्या हवेत अकरा वर्षं पत्रा तरी राहतो का, मॅडम?
भाषा बदलून बघा."
बदलली.
इंग्रजीत त्याच जागी डी असतो. तोही मुका.

मग सुरीच्या टोकाने कळीची टोपी उचकटली.
खाली मीठ, रव्यासारखं,
आणि एक खवला.
बोयरीचा असावा,
कुणाच्या तरी बोटावरून आलेला.
कापूस, स्पिरिट, फुंकर.
एकदाच मोडला पाय. पुन्हा नाही.

आता जुन्या फायली उघडून बसते.
माउसने अख्खी जोडाक्षरं उचलते, एकेक:
'त्स्य' एका रद्द परवान्यातून,
'ष्ण' कृष्णा पावशाच्या नावातून.
त्याची होडी त्या नारळी पौर्णिमेनंतर आली नाही.
खातं मी अजून बंद केलेलं नाही.

त्याच 'ष्ण'वर आज त्याच्या पोराला,
विष्णूला, दोनशे लिटर मिळालं.
सही त्याने हातानेच केली,
ओल्या बोटांनी.
कीबोर्ड मी आधीच बाजूला ओढला होता.