पासून, पर्यंत

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
अधीक्षकांचा फळा मी रंगवतो.
तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत.
ओळीचे साठ रुपये,
रुग्ण कल्याण समितीच्या व्हाउचरवर.

यंदा समितीच गेली. दिल्लीचं नवं धोरण.
नियामक मंडळ आलं, लेटरहेड आलं,
दारावर आठ कलमं लिहायची आली,
आणि अकरावे साहेब.
ते अजून जळगावातच आहेत म्हणे, मीटिंगला.

शिडीवर होतो. 'डॉ.'चं टिंब सुकत होतं.
खालून कुणी पाय धरला:
“भो, सापनं इंजेक्शन शे का आठे?”
मागे मोटरसायकलवर, दोघांच्या मधे
एक पोर, पिंढरीला रुमाल आवळलेला.

मी काय सांगणार? माझ्या हातात पांढरा रंग.

तडवी सिस्टर धावत आल्या.
फ्रिजची किल्ली त्यांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात,
तिसऱ्या साहेबांपासून.
“पेंटर, बाटली धर वर.”
धरली. पाऊण तास.
सलाईनवर माझी पाचही बोटं उमटली.

पोरानं पाणी मागितलं
तेव्हा पुन्हा चढलो,
साहेबांची तारीख पुरी केली.
'पर्यंत' कोरा सोडला.

कोऱ्या रकान्याचे पैसे धरत नाहीत.